पेशीचा नांगर : कर्करोगाच्या इतिहासातील एक प्रकरण

शालेय पुस्तकातील पेशीचे चित्र श्रोत्यांच्या स्मरणात असेलच. एक वर्तुळ, त्यात केंद्रक, भोवती काही ठिपके व रेघा. आणि वर्तुळाच्या बाहेर कोरा कागद. आज मी बोलणार आहे ते ह्या कोऱ्या कागदाविषयी. कारण प्रत्यक्ष शरीरात पेशीच्या बाहेर कोरी जागा अशी मुळी नसतेच. तेथे कोलॅजेनचे दोर, लॅमिनिनचे पातळ पडदे, फायब्रोनेक्टिनचे धागे आणि पाणी धरून ठेवणारी बुळबुळीत शर्करायुक्त द्रव्ये ह्यांचे दाट जाळे विणलेले असते. त्याला आपण आधारजाल म्हणू. कातडीचा चिवटपणा, स्नायुबंधांची ओढ सोसण्याची शक्ती, सांध्यातील कूर्चेची लवचीकता ही सारी त्याचीच करणी. पेशीच्या पृष्ठभागावर ह्या जालाला धरून ठेवणारे जणू हात असतात. शास्त्रज्ञ त्यांना रिसेप्टर म्हणतात. आपण ग्राही म्हणू. कर्करोग कसा वाढतो आणि कसा पसरतो ह्या प्रश्नाच्या उत्तरात ह्या हातांना मानाचे स्थान मिळावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

इ. स. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज शस्त्रवैद्याने ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय साप्ताहिकात एक निबंध प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्याने एकत्र करून तपासल्या होत्या. रोगाची दुय्यम गाठ कोणत्या इंद्रियात सापडली, एवढाच त्याचा प्रश्न. त्या काळचे पुष्कळ वैद्य असे मानीत की, मूळ गाठीतून सुटलेले कण रक्ताबरोबर वाहत जातात आणि जेथे अडकतात तेथे रुजतात. म्हणजे हा सारा नशिबाचा खेळ. पण पॅजेटला आकड्यांत नशीब दिसेना. यकृतात दुय्यम गाठी २४१ रुग्णांत होत्या, तर प्लीहेत अवघ्या १७. प्लीहेलाही रक्त भरपूर मिळते. मग तिने ह्या कणांना थारा का दिला नाही? त्याने दिलेले उत्तर शेतकऱ्याचे आहे. झाडाचे बी वाऱ्यावर चहूकडे उडते, पण उगवते ते मानवेल त्याच मातीत. शुभवर्तमानातील पेरणाऱ्याचा दृष्टांत ज्यांनी वाचला आहे, त्यांना खडकावर, काटेरी झुडपांत आणि चांगल्या जमिनीत पडलेले बी आठवल्याखेरीज राहणार नाही. पॅजेटचे दोन सख्खे भाऊ पुढे बिशप झाले, तेव्हा त्या घरात हा दृष्टांत अपरिचित असणे संभवत नाही. दुय्यम गाठींचा अभ्यास करणाऱ्यांनी आजवर बियांकडेच पाहिले, मातीचे गुणही पाहिले पाहिजेत, असे त्याचे म्हणणे होते.

ते फारसे कोणी ऐकले नाही. १९२८ साली अमेरिकेतील जेम्स यूइंग ह्या थोर विकृतिशास्त्रज्ञाने रक्तवाहिन्यांची रचना हेच प्रसाराचे खरे कारण असे प्रतिपादिले, आणि त्यांच्या अधिकारवाणीपुढे पॅजेटचा निबंध बरीच वर्षे मागे पडला. यूइंग ह्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे नाही. आतड्यातील गाठीचे कण प्रथम यकृताकडे जातात, ते तिकडचे रक्त तिकडेच वाहते म्हणून. परंतु सर्व हिशेब त्याने जुळत नाही.

दुसरा धागा कोंबडीपासून सुरू होतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस ह्यांनी १९११ मध्ये असे दाखविले की, एका कोंबडीच्या मांसार्बुदाचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात एकही पेशी उरत नाही, तरी तो दुसऱ्या कोंबडीला टोचल्यास तिलाही तीच गाठ होते. म्हणजे गाठ उत्पन्न करणारा एक विषाणू त्या अर्कात होता. ह्या शोधाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी! दीर्घायुष्य लाभले म्हणून ते घ्यावयास हयात होते, एवढेच. राउस ह्यांच्या विषाणूने आणि त्यासारख्या इतर विषाणूंनी संशोधकांच्या हाती एक मोठे साधन दिले. काचेच्या बशीत वाढविलेल्या निरोगी पेशींना विषाणूची बाधा करावयाची आणि त्या बिघडल्या म्हणजे त्यांच्यात काय बदलले ते शेजारी शेजारी ठेवून पाहावयाचे.

बदलले ते आश्चर्यकारक होते. निरोगी पेशी बशीच्या तळाला चिकटून, हातपाय पसरून बसते आणि मगच विभागते. तिला तळापासून सोडवून अर्धवट थिजलेल्या आगरमध्ये, म्हणजे चायना ग्रासच्या खळीत, अधांतरी ठेवले तर ती विभागणे थांबवते. विषाणूने बिघडवलेली पेशी मात्र अधांतरीही खुशाल वाढते आणि तिचे गोळे बनतात. मॅकफर्सन व माँतान्ये ह्यांनी १९६४ साली ग्लासगो येथे ही गोष्ट परीक्षा म्हणून वापरात आणली. (हेच माँतान्ये पुढे एड्सच्या विषाणूच्या शोधामुळे जगप्रसिद्ध झाले.) १९६८ मध्ये मायकेल स्टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या गुणाला नाव दिले. निरोगी पेशीची वाढ ‘नांगरावर अवलंबून’ असते, असे त्यांनी म्हटले. अधांतरी असलेल्या निरोगी पेशीला काचेचा एक बारीक तंतू टेकायला मिळाला तरी ती विभागू लागते, हेही त्यांनी पाहिले. नांगर ह्या शब्दाने मराठी कानाला थोडी गंमत वाटेल. आपल्याकडे जमीन नांगरणारा नांगर आणि गलबत रोखणारा नांगर ह्यांना शब्द एकच. पॅजेटला जमीन दिसली होती, स्टोकर ह्यांना गलबत दिसले.

पण नांगराचा दोर कोणता? पेशी कशाने चिकटते, हे १९७३ पर्यंत धुक्यातच होते. त्या वर्षी लंडनमध्ये रिचर्ड हाइन्स ह्या तरुण संशोधकाने एक सोपा पण नेमका प्रयोग केला. पेशींच्या पृष्ठभागावर जी प्रथिने बाहेर डोकावतात त्यांनाच चिकटेल अशा रीतीने त्याने किरणोत्सर्गी आयोडीन वापरले, आणि मग निरोगी व बिघडलेल्या पेशींची प्रथिने आकारानुसार वेगळी करून त्यांचे पट्टे शेजारी शेजारी लावले. निरोगी पेशींच्या पट्ट्यांत वरच्या टोकाला एक ठळक रेघ होती, फार मोठ्या आकाराच्या प्रथिनाची. बिघडलेल्या पेशींत ती रेघ जवळजवळ नाहीशी झालेली होती. त्याच सुमारास हेलसिंकी येथे एर्की रुओस्लाहटी व अँटी व्हाहेरी हे दुसऱ्या वाटेने त्याच प्रथिनापाशी येऊन पोहोचले. कोणी त्याला एक नाव दिले, कोणी दुसरे. शेवटी रूढ झाले ते फायब्रोनेक्टिन, म्हणजे लॅटिन व्युत्पत्तीप्रमाणे ‘धाग्याने बांधणारे’. गंमत अशी की, रक्तातील एक थंडीने साकळणारे प्रथिन म्हणून शास्त्रज्ञांची त्याच्याशी १९४८ पासून तोंडओळख होती. ते पेशींना बांधते हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

आता सगळे उलगडले असे पुष्कळांना वाटले. बिघडलेली पेशी आपला दोर गमावते, म्हणून ती सैरावैरा होते. तर दोर परत दिला की झाले! तसा प्रयत्नही झाला. १९७६ मध्ये केनेथ यामादा आणि सहकाऱ्यांनी बिघडलेल्या पेशींवर हे प्रथिन बाहेरून घातले. पेशी पुन्हा पसट झाल्या, चिकटल्या, रांगेत बसल्या. परंतु त्यांची बेसुमार वाढ थांबली नाही. रूप सुधारले, वर्तन नाही. माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासातील हा निकाल सर्वांत मोलाचा, कारण त्याने एक सोयीस्कर समजूत मोडली आणि पुढचा प्रश्न विचारणे भाग पाडले. दोर बाहेर आहे. पण तो ज्या कडीला बांधला आहे ती पेशीवरील कडी कोणती, आणि त्या कडीपासून आत काय जाते?

कडी शोधण्यासाठी आधी दोराचे टोक शोधावे लागले. फायब्रोनेक्टिनची एकेक साखळी दोन हजारांहून अधिक अमिनो आम्लांची. रुओस्लाहटी आता कॅलिफोर्नियात ला होया येथे होते. त्यांनी आणि मायकेल पियर्शबाखर ह्यांनी ह्या साखळीचे लहान लहान तुकडे करून कोणत्या तुकड्याला पेशी चिकटते ते पाहिले. मग प्रयोगशाळेत त्याहून लहान तुकडे बनविले. १९८४ मध्ये उत्तर मिळाले तेव्हा त्याचे लहानपण पाहून लोक थक्क झाले. आर्जिनीन, ग्लायसीन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ह्या क्रमाने एवढी तीनच अमिनो आम्ले! दोन हजार अक्षरांच्या ग्रंथात परवलीचा शब्द तीन अक्षरांचा निघाला. हा शब्द हाती येताच, ज्याला तो कळतो असा पहारेकरी पकडणे सोपे झाले. फायब्रोनेक्टिनचा तुकडा मण्यांवर बांधून त्यावरून पेशींचा अर्क सोडला, ग्राही तेथे चिकटून राहिला, आणि मग तो तीन अक्षरी तुकडा घालून त्याला सोडवून घेतले. हे १९८५ चे. पुढल्याच वर्षी हाइन्स ह्यांच्या गटाने (ते आता बॉस्टनशेजारी एम. आय. टी. ह्या संस्थेत होते) अशा ग्राहीच्या एका भागाची संपूर्ण रचना प्रसिद्ध केली आणि त्याला इंटेग्रिन असे नाव दिले. कारण तो बाहेरचे आधारजाल व पेशीच्या आतला सांगाडा ह्यांना एकसंध करतो. टिमोथी स्प्रिंगर हे पांढऱ्या रक्तपेशींच्या अभ्यासातून ह्याच कुटुंबापाशी पोहोचले होते. हाइन्स, रुओस्लाहटी आणि स्प्रिंगर ह्या तिघांना २०२२ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले.

इंटेग्रिन नेहमी जोडीने असतो, एक अल्फा आणि एक बीटा. माणसात अल्फा अठरा प्रकारचे आहेत, बीटा आठ, आणि त्यांच्या चोवीस जोड्या ठाऊक आहेत. कोणती जोडी कोलॅजेनला धरते, कोणती लॅमिनिनला, कोणती फायब्रोनेक्टिनला. हे हात नुसते धरीत नाहीत, ते चाचपतात. हाताने जाल घट्ट धरले की आतल्या टोकापाशी प्रथिनांचा एक ताफा जमतो, आणि १९९२ मध्ये सापडलेले एक विकर, ज्याला फोकल अ‍ॅढेजन कायनेज म्हणतात, ते जागे होऊन आत निरोप धाडते : पाय जमिनीवर आहेत, वाढावयास हरकत नाही. उलट दिशेनेही, आतून आज्ञा आली तर हात आपली पकड घट्ट किंवा सैल करतो.

हा निरोप आला नाही तर काय होते, ते १९९४ मध्ये स्टीव्हन फ्रिश व हंटर फ्रान्सिस ह्यांनी दाखविले. जालापासून तुटलेली निरोगी अस्तरपेशी केवळ वाढ थांबवीत नाही, ती स्वतःला संपविते. ह्याला त्यांनी ग्रीक भाषेवरून अनॉइकिस म्हटले, म्हणजे बेघरपणा. शरीराची ही व्यवस्था केवढी शहाणपणाची आहे पाहा. आतड्याच्या अस्तरातून निखळलेली पेशी भलत्या जागी जाऊन रुजू नये, म्हणून घर सुटताच तिचा अंत ठरलेला. कर्करोगी पेशी ही अट मोडते. राउस ह्यांच्या विषाणूतील सार्क नावाचे जनुक जे प्रथिन बनविते, ते वर सांगितलेल्या निरोप्यालाच अखंड जागे ठेवते. जमीन पायाखाली नसतानाही ‘पाय जमिनीवर आहेत’ असा खोटा निरोप आत येत राहतो. फायब्रोनेक्टिन परत देऊनही वाढ का थांबली नव्हती, ह्याचे कारण येथे दिसते. बिघाड दोरात नव्हता, निरोपात होता.

तथापि ह्याच्या उलट बाजूनेही एक पुरावा जमत होता, आणि तो आणला इराणमध्ये जन्मलेल्या व कॅलिफोर्नियात बर्कली येथे काम करणाऱ्या मिना बिसेल ह्या विदुषीने. आधारजाल पेशीतील जनुकांना आज्ञा देते, असे मत त्यांनी १९८२ मध्येच मांडले होते, तेव्हा ते अनेकांना धाडसाचे वाटले. १९८४ मध्ये त्यांनी व डेव्हिड डोलबर्ग ह्यांनी राउस ह्यांचाच विषाणू अंड्यातील चार दिवसांच्या पिलाच्या अवयवात टोचला. गाठ झाली नाही! विषाणू आत होता, त्याचे जनुक काम करीत होते, तरी गाठ नाही. त्याच पिलाच्या पेशी सुट्या करून बशीत ठेवताच त्या बिघडल्या. पुढे मोठ्या कोंबडीच्या एका पंखात विषाणू टोचून दुसऱ्या पंखाला जखम केली, तर जखमेच्या जागीही गाठ उठली. जनुक तेच, भोवतालची माती बदलली की फळ बदलले. १९९७ मध्ये बिसेल ह्यांच्या प्रयोगशाळेत व्हॅलरी वीव्हर ह्यांनी मानवी स्तनाच्या कर्करोगी पेशी आधारजालात वाढविल्या व त्यांवरील बीटा-एक इंटेग्रिन एका प्रतिपिंडाने अडविला. अस्ताव्यस्त वाढणाऱ्या त्या पेशी पुन्हा निरोगी स्तनग्रंथीसारख्या लहान गोल रचनेत बसल्या. त्यांच्या जनुकांतील दोष जसाच्या तसा होता. प्रतिपिंड काढून घेतला की त्या पुन्हा पूर्वपदावर आल्या.

येथून औषधाची आशा वाटणे स्वाभाविकच होते. १९९४ मध्ये डेव्हिड शेरेश ह्यांच्या गटाने असे दाखविले की, गाठीला रक्त पुरविणाऱ्या नव्या वाहिन्यांना अल्फा-व्ही-बीटा-तीन ह्या इंटेग्रिनची गरज लागते. म्युनिकचे रसायनशास्त्रज्ञ होर्स्ट केसलर ह्यांनी त्या तीन अक्षरी परवलीच्या शब्दाला वळवून एक छोटे वर्तुळ बनविले. त्यातून सिलेंजिटाइड हे औषध सिद्ध झाले. मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा ह्या अत्यंत दुर्धर गाठीवर त्याची मोठी परीक्षा झाली. ५४५ रुग्ण, निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यांच्या जोडीला हे औषध. निकाल २०१४ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचे मध्यम आयुर्मान २६.३ महिने. एका दशांशाचाही फरक नाही. ज्यांनी ह्या औषधावर वर्षे घालविली आणि ज्या घरांनी त्यावर आस धरली, त्यांना हे दोन सारखे आकडे कसे वाचावे लागले असतील!

अपयशाची चाहूल आधी लागली होती. हा इंटेग्रिन जन्मतःच नसलेल्या उंदरांत गाठी लहान होण्याऐवजी मोठ्या होतात, असे २००२ मध्ये दिसले होते. आणि अशा औषधांची अल्प मात्रा नव्या रक्तवाहिन्यांची वाढ उलट चेतविते, असे २००९ मध्ये. जो हात धरतो तोच कधी आवरतोही, आणि एक हात बांधला तर दुसरा पुढे येतो. रक्त गोठण्याच्या विकारांत आणि आतड्याच्या दाहावर इंटेग्रिन अडविणारी औषधे उपयोगी ठरली आहेत. कर्करोगात तसे यश आलेले नाही. मात्र पॅजेटचे बी आणि माती ह्यांना २०१५ मध्ये अनपेक्षित साक्ष मिळाली. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड लायडन ह्यांच्या गटाला असे आढळले की, कर्करोगी पेशी ज्या सूक्ष्म पुटिका रक्तात सोडतात त्यांच्या पृष्ठभागावरील इंटेग्रिन त्यांचा मुक्काम ठरवितात. अल्फा-सहा जातीचे फुप्फुसाकडे, अल्फा-व्ही-बीटा-पाच यकृताकडे. आणि तेथे पोहोचून त्या पुटिका मागून येणाऱ्या बियांसाठी जमीन तयार करतात.

आपल्या लोकांशी ह्या प्रकरणाचा सर्वांत जवळचा संबंध येतो तो सुपारीच्या वाटेने. तोंडाचे अस्तर पांढरट व ताठ होत जाऊन तोंड उघडेनासे होते, असा एक विकार आहे. पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांत तो १९५२ मध्ये श्वार्ट्झ ह्यांनी नोंदविला, आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी ह्यांनी त्याचे वर्णन येथे केले. ह्या विकारात अस्तराखालचे आधारजाल कोलॅजेनने भरून घट्ट होते. अल्फा-व्ही-बीटा-सहा नावाचा इंटेग्रिन निरोगी प्रौढ अस्तरात सहसा नसतो. जखम भरताना तो प्रकट होतो, आणि तोंडाच्या कर्करोगातही. हा इंटेग्रिन आधारजालात निद्रिस्त पडलेल्या एका वाढद्रव्याला जागे करतो आणि ते द्रव्य आणखी कोलॅजेन घडवून आणते. सुपारीतील अरेकोलिन हा अल्कलॉइड अस्तरपेशींवरील ह्याच इंटेग्रिनचे प्रमाण वाढवितो, असे २०११ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखविले. म्हणजे तंबाखू नसलेली सुपारीही निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या आपल्या ग्रंथात सुपारीला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत घातलेच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले होते. १९८५ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांपैकी पाच जणांना, म्हणजे शेकडा ७.६ जणांना, तोंडाचा कर्करोग झालेला होता. सुपारी सोडल्याने पुढची हानी टळते, पण एकदा घट्ट झालेले ते जाल सहसा पुन्हा मऊ होत नाही.